मेंग पिलगू आणि पंधरा मिलिमीटर

मेंग पिलगूला बसता येत नाही. म्हणजे गुडघे धड आहेत, कंबर धड आहे, पण बूड टेकलं की मिनिटभरात त्याला काहीतरी आठवतं आणि तो उठतो. आमच्या गावात, सोतगोलच्या शाळेत, आम्ही सहा वर्षं एका बाकावर होतो. त्यातली निम्मी त्यानं बाकाच्या मागं उभ्यानं काढली. मास्तर वैतागून म्हणायचे, "मेंग, तू उभाच राहा बाबा, तेवढाच बाक शांत." शिक्षा झाली की ज्याला बरं वाटायचं असा शाळेतला तो एकटाच.

पुढं त्यानं धंदाही असाच धरला. दिवसभर उभं राहायचं आणि डोकी बघायची. तान्ह्या पोरांची डोकी. चपट्या डोक्यावर घालायचं हेल्मेट बनवतो तो, देगू शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये. पण सवय अशी लागलीय की मोठ्यांनाही सोडत नाही. माझ्या धाकटीच्या लग्नात मी त्याला पुढची खुर्ची दिली, तर हा जाऊन शेवटच्या रांगेच्याही मागं उभा. मी म्हटलं, "अरे, पुढं बस की!" तर म्हणतो, "इथून डोकी दिसतात." आणि जेवताना माझ्या कानाशी लागून, "तुझा नवा व्याही उजवीकडून चपटा आहे. लहानपणी एकाच कुशीवर झोपला असणार." मी नवरीचा बाप. पाहुण्यांना सूप वाढताना मला व्याह्याच्या डोक्याशिवाय काही दिसेना!

एकदा बसमध्ये पुढच्या सीटवर एक बाई बाळ घेऊन बसली होती. यानं तिच्या खांद्यावर टकटक केलं. "बाई, बाळाला डावीकडं बघायला लावत जा. खुळखुळा डावीकडं धरा." बाईनं ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं बस थांबवून याला खाली उतरवलं. हा खाली उभा राहून खिडकीतून ओरडतोय, "डावीकडं! डावीकडं!"

खरं सांगायचं तर आमच्या पिढीत सगळेच चपटे. आमच्या आया पोराला घरातल्या खालून तापवलेल्या जमिनीवर उताणं टाकायच्या आणि लसणाच्या शेतात जायच्या. पोर छताकडं बघत पडलेलं. दुपारी आई आली की पाजायची, पुन्हा उताणं टाकायची. वर्गात आम्ही बेचाळीस पोरं होतो, बेचाळीसच्या बेचाळीस मागून पाटासारखी. पिलगू म्हणतो, "तुझ्या डोक्याला मागं भिंतीला लावलं तर मध्ये कागद जाणार नाही." गेला नाही. आम्ही करून बघितलं.

तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं. आता आईबापांना पोराचं डोकं मागून अंड्यासारखं गोल हवं असतं, आणि ज्यांचं फारच एका अंगानं बसलेलं असतं त्यांना डॉक्टर पिलगूच्या वर्कशॉपकडं पाठवतात.

पंधराव्या वर्षी तो देगूला गेला तेव्हा हे काम नव्हतंच. तेव्हा ते लाकडी पाय बनवत. खाणीत पाय गेलेली माणसं यायची. पिलगूनं पहिला पाय तासला तो एका कोळसा खाणीतल्या माणसाचा. तो माणूस महिन्याभरानं परत आला, वर्कशॉपच्या मधोमध दोन गिरक्या घेऊन नाचला आणि निघून गेला. हे सांगताना पिलगू अजून स्वतः गिरकी घेऊन दाखवतो, शेजारच्याचा चहा सांडतो. पुढं पाठीचे पट्टे आले, मग वीसेक वर्षांपूर्वी ही हेल्मेटं.

काम नाजूक. बाळाच्या डोक्याभोवती कॅमेरा फिरवून माप घेतात. त्यावरून मशीन फोमचं डोकं कापून देतं. हुबेहूब, चपटेपणासकट. मग पिलगूच्या हातची खरी करामत. चपट्या जागी तो प्लास्टर चढवतो, थोडं, अजून थोडं, हातानं चाचपत. त्यावर तापवलेला पत्रा, प्लास्टिकचा, ओढून बसवला की हेल्मेटच्या आत त्या जागी पोकळी राहते. डोकं दाबायचं नाही, हे तो प्रत्येक आईला सांगतो. हेल्मेटनं फुगलेल्या बाजूला नुसतं टेकून थांबायचं, आणि चपट्या बाजूला जागा सोडायची. डोकं आपलं आपण त्या जागेत वाढतं. दिवसाचे तेवीस तास घालायचं, आंघोळीपुरतं काढायचं. आणि हे सगळं पहिल्या वर्षात. डोकं भराभर वाढतं तेव्हाच ते ऐकतं. वर्ष उलटलं की फारसं ऐकत नाही.

तर अशा माणसाची नात. दाओन.

जूनमध्ये जन्मली. पिलगूचा मुलगा तेग्यू गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, सून नायोंग बँकेत. बाळाला दिवसभर नायोंगची आई आपल्या घरी सांभाळायची. ती बोसोंगकडची, म्हणून गल्लीत सगळे तिला बोसोंगवालीच म्हणतात. तीस वर्षं बाजारात मासळीचा गाळा एकटीनं चालवलेली बाई. नवरा लवकर गेला. तिचा आवाज ऐकून मासेसुद्धा ताजे होतात असं गिऱ्हाइकं म्हणायची.

आता आमच्याकडं विहिणीच्या दारात माणूस वर्षातून दोनदा जातो. कोट घालून, फळांची पेटी घेऊन, आणि चहा अर्धा ठेवून उठतो. त्यामुळं पिलगूनं नात बघितली ती अशीच, पाहुण्यासारखी. जन्मानंतर शंभराव्या दिवशी रीतीप्रमाणं भाताच्या वड्या वाटल्या, तेव्हा पोरीच्या डोक्यावर रेशमी टोपी. फोटो पिलगूनंच काढले. टोपीसकट. त्या फोटोंवरून पुढं त्यानं स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की मी म्हटलं, अरे, थोड्या माझ्यासाठी ठेव.

नोव्हेंबरअखेर पिलगूच्या घरी किमचीचा, म्हणजे कोबीचं हिवाळ्याचं लोणचं घालायचा, दिवस होता. कोबीचे डोंगर, लाल तिखट, सगळी बायामाणसं कोपरापर्यंत रंगलेली. नायोंगला हात मोकळे हवे होते, तिनं पोर आजोबांकडं दिलं. पिलगूनं रबरी हातमोजे काढले, हात धुतले, पोरीला घेतलं. टोपी सरकली. त्यानं सवयीनं तळवा डोक्यामागं नेला.

आणि उभाच राहिला. बायको म्हणाली, "काय हो, कोबीच्या मिठाच्या पाण्यात पाय घातला का?"

पिशवीतून त्यानं मापाचा चिमटा काढला. कंपाससारखा असतो मोठा. कपाळाच्या या कोपऱ्यातून मागच्या त्या कोपऱ्यात, मग उलट कोपऱ्यांतून. दोन्ही मापं जवळपास सारखी हवीत, त्यांत पंधरा मिलिमीटरचा फरक.

"बाबा, किती?" नायोंग कोबी हातात घेऊन उभी.

"पंधरा."

"पंधरा म्हणजे?"

त्यानं चिमटा पिशवीत टाकला. ती रडायला लागली, तिखटाचा हात डोळ्याला लावला आणि मग दोन कारणांनी रडायला लागली.

"रडू नकोस," पिलगू म्हणाला. "हे माझं काम आहे. हे तरी मला येतं."

डॉक्टरांनी तपासलं. मान एका बाजूनं जरा ताठ होती, त्यामुळं पोरगी कायम उजवीकडंच बघून झोपायची. मानेचे व्यायाम दिले, हेल्मेट लिहून दिलं. पिलगूनं ते कुणाच्या हाती दिलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर पोरीच्या डोक्यावर चढलं, पांढरंशुभ्र, कानाभोवती कडा अशी घासलेली की गालावर फिरवली तरी कळू नये. मला फोन करून म्हणाला, "पन्नास वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम." पाठीमागं त्याची पावलं ऐकू येत होती. फोनवर बोलतानाही तो चालतो.

चार आठवड्यांनी माप. एवढ्या लहान वयात चार आठवड्यांत तीन-चार मिलिमीटर सहज सुटतात.

चौदा.

"चिमटा चुकला," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. चौदा.

तिथून त्याची झोप उडाली आणि आमचीही, कारण तो सगळ्यांना फोन करायचा. "प्लास्टर कमी चढवलं मी. उजव्या कानामागं जागा कमी पडली असणार." दुसऱ्या दिवशी, "नाही, जास्त चढवलं. हेल्मेट फिरतंय डोक्यावर." तिसऱ्या दिवशी, "हात गेला माझा. सहासष्ट वर्षांचा हात. तुझा थरथरतो का रे?" मी म्हटलं, "माझा लसूण सोलताना थरथरतो." तर म्हणे, "बघ!"

त्यानं दुसरं हेल्मेट बनवलं. पहिल्यात चूक सापडत नव्हती, तरी बनवलं. प्रत्येक कड दहादा घासली. वर्कशॉपचा प्रमुख आता सोकजू आहे. पिलगूच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळं प्रमुख असूनही त्याला भीत असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोरीला मापाला आणलं. पुन्हा चौदा. पोरगी आता आठ महिन्यांची होत आलेली. पिलगू खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"काका," सोकजू हळूच म्हणाला, "घरी घालत नसतील."

"माझी सून आहे ती! सकाळी घालून निघते, रात्री येते तेव्हा डोक्यावर असतं. तिनं स्वतः सांगितलं."

"मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात विहीणबाई असतात," पिलगू म्हणाला. हातातलं हेल्मेट त्यानं नाकाला लावलं.

आता ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगतो. तीन आठवडे दिवसरात्र घातलेलं हेल्मेट नाकाजवळ नेलं की माणूस मागं सरकतो. आंबट, दुधाळ, ओल्या मोज्यासारखा वास. रोज पुसलं तरी जात नाही. पिलगूच्या हेल्मेटला अजून नव्या प्लास्टिकचाच वास जास्त येत होता.

"काका, मी फोन करून विचारू का त्यांना?" सोकजू म्हणाला.

"वेडा आहेस का? विहीण आहे ती!"

आता यात गंमत अशी, की घरात कुणीच विचारू शकत नव्हतं. पिलगूनं विचारावं तर मुलाकडच्यांनी मुलीच्या आईला जाब विचारला असं होतं. तेग्यू जावई, त्याची तर टाप नाही. नायोंगला सांगावं तर, "तुझी आई खोटं बोलते," असं सासऱ्यानं सुनेला म्हणायचं? पिलगूची बायको तर म्हणाली, "विहिणीच्या घरात नाक घालायचं नाही. त्या फुकट सांभाळतात पोरीला. दुखावल्या आणि म्हणाल्या, घ्या तुमची नात, तर?" तर काय, नायोंगची नोकरी गेली. दोन हेल्मेटं बनवून झाली, पण एक प्रश्न विचारायला त्या आख्ख्या घरात तोंड नव्हतं.

"मग काय करायचं?" पिलगू म्हणाला. "जूनमध्ये वर्ष होतं तिला. नंतर मी सोन्याचं हेल्मेट बनवलं तरी डोकं ऐकणार नाही."

"बसा जरा," बायको म्हणाली. जसं काही तो बसणार होता.

चांद्र नववर्षाला आलेली नासपतीची एक पेटी उरली होती. पिलगूनं कोट चढवला आणि पेटी घेऊन विहिणीच्या गल्लीत गेला. बेल वाजवली. आत धावपळ. काहीतरी गडगडत गेलं. पोर रडलं. "आले, आले!" बोसोंगवालीचा तो बाजारी आवाज. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"अगंबाई, व्याहीबुवा! असे अचानक? या, या. अहो, घर किती पसरलंय."

"नाही, नाही, विहीणबाई, मी दारातूनच. नासपती होत्या. वाटेत होतो."

"वाटेत? तुमची वाट इकडून कुठून?"

तो आत आला, बूट काढले, पाऊल टाकलं आणि पुन्हा उचललं. जमीन अशी तापलेली की तिच्यावर मासा भाजला असता. ती तापवणारा बॉयलर बहुतेक शेवटच्या आकड्यावर. आमच्या वयाच्या बायांचं हे पक्कं असतं, तान्हं मूल म्हणजे ऊब, आणि जमीन पोळली नाही तर आजी कसली. विहिणीनं सगळ्यात मानाची जागा दिली. म्हणजे सगळ्यात गरम कोपरा.

आणि मधोमध दाओन बसलेली. तीन कपडे, वर लोकरी बंडी, चेहरा बीटासारखा लाल. डोक्यावर हेल्मेट होतं. उलटं. मागची बाजू पुढं, भुवया गायब, एक डोळा झाकलेला. दुसऱ्या डोळ्यानं ती आजोबांकडं बघत होती.

पिलगू मला सांगत होता, "वीस वर्षांत मी उलटं हेल्मेट बघितलं नव्हतं. ते तसं बसतच नाही! त्या बाईनं ते कसं बसवलं असेल, मला अजून कळत नाही. ताकद लागते रे!"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हणालो, छान शोभतंय."

विहीण शेजारी ताठ बसलेली. तोही ताठ. दोघंही पोरीकडं बघायचं टाळत होते. चिकूसारखी मऊ पर्सिमनं पुढं ठेवली होती. पोरगी तोंडातल्या तोंडात कुरकुरत होती, आणि पिलगूच्या पाठीतून घामाची धार लागली होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अशा जमिनीवर, एवढ्या कपड्यांत, डोक्याला बंद टोपडं. तो स्वतः असता तरी काढून फेकलं असतं. पोर घामानं रडायचं, आजी काढायची. पोर गप्प व्हायचं. कोण चुकलं यात?

पण जमीन थंड करा असं विहिणीला सांगायचं? तिनं मानाची जागा दिलीय आणि हा म्हणणार, फार गरम आहे?

"विहीणबाई," तो शेवटी म्हणाला, "सांगायला लाज वाटते. डॉक्टरांनी मला गरम जमिनीवर बसायला मनाई केलीय. जुनं दुखणं आहे. कुठलं ते विचारू नका."

बोसोंगवालीनं विचारलं नाही. मूळव्याधीचं नाव व्याह्यासमोर कोण काढतं? तिनं लगबगीनं जाऊन बॉयलरचा आकडा खाली आणला. "अहो, आधी नाही का सांगायचं! खिडकी उघडू का?"

"थोडी. फटीएवढी." मग घसा खाकरून, "आणि आलोच आहे तर पट्टा बघतो. नवे पट्टे कधी कधी फिरतात."

"फिरतात?"

"फार फिरतात."

त्यानं हेल्मेट काढलं, पोरीचं डोकं पुसलं, सरळ करून घातलं. अर्ध्या तासात जमीन निवली. पोरगी त्याच्या पायाशी हेल्मेटसकट झोपून गेली. पाहुण्यासमोर विहीण ते काढणार कशी? पिलगूनं घड्याळ बघितलं. एक तास दहा मिनिटं. एवढा वेळ तो लग्नाच्या मांडवातही बसला नव्हता.

घरी जाताना त्याला उमगलं, की तो निघाला की आकडा पुन्हा वर जाणार.

म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. "टोपी विसरलो बहुतेक." टोपी त्याच्या डोक्यावर होती. विहिणीनं बघितली आणि आकडा खाली केला. तिसऱ्या दिवशी मुळ्याचं किमची घेऊन. चौथ्या दिवशी ते किमचीचं भांडं परत न्यायला. पाचव्या दिवशी, "तुमच्या दारावरचा दिवा लुकलुकतो असं वाटलं." दिवा धड होता. त्यानं तरी तो बदलला. वर्कशॉपला तो सकाळीच जायचा, अकरापासून संध्याकाळपर्यंत विहिणीच्या घरी.

गल्लीत बोलणी सुरू झाली. समोरची म्हातारी दारातच विचारायची, "काय बोसोंगवाली, आज व्याही जेवायला का?" पिलगूच्या बायकोला बाजारात कुणीतरी म्हणालं, "तुमच्या ह्यांनी तिकडं घर घेतलं वाटतं." ती घरी येऊन चमचा आपटत म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्यासमोर दहा मिनिटं बसला नाहीत. आणि तिथं पाच-पाच तास?"

"तेग्यूची आई, मी बसत नाही, मी जमीन थंड करतो."

"तेच लोकांना सांगू का मी?"

आणि बसणं त्याला खरंच सोसत नव्हतं. पाय वळायचे. तो बसल्या जागी गुडघे हलवायचा, बोटं मोजायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे उलटे वाचायचा. विहिणीसमोर पाय पसरता येत नाहीत, येरझारा घालता येत नाहीत. एकदा तो मला म्हणाला, "उद्या मला तुझ्या लसणाच्या शेतात गाडलंस तरी चालेल, पण आडवं गाड." तरी गेला. दोन आठवड्यांनी मोजलं. बारा.

मार्च लागला तेव्हा एका दुपारी बोसोंगवालीनं त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं. तो बसल्या जागी कोटाच्या बटणाचा दोरा उसवत होता. तिनं आतून लसणाची टोपली आणून त्याच्यापुढं आपटली. "हात रिकामे आहेत तर हे सोला."

व्याह्याला लसूण सोलायला लावणं! आमच्या आईनं ऐकलं असतं तर थडग्यातून उठून बसली असती. पिलगूला मात्र स्वर्ग मिळाला. त्यानं कोट काढला. "कुठला लसूण? आमच्याकडचा नाही हा. आमचा एवढा भुसभुशीत नसतो."

"मग आणायचा होता तुमच्याकडचा. नासपती कशाला आणल्या? त्या निम्म्या सडक्या होत्या."

"खरंच?"

"मी काय खोटं बोलते?"

मग तो खाली बघून सोलायला लागला.

माझ्याकडचा दोन पोती लसूण त्या घरात गेला त्या वर्षी. एप्रिलमध्ये ऊन आलं, बॉयलरच बंद झाला. पिलगूला जायचं कारण उरलं नाही, तरी जायचा, कारण भरवसा नव्हता. दाओन आता रांगायची, हेल्मेट भिंतींवर आदळत घरभर फिरायची. आजी म्हणायची, "आलं बघा माझं पातेलं." बारा, दहा, आठ. मग आकडे हळू झाले. एप्रिलच्या अखेरीस सोकजूनं मापाला बोलावलं, आणि या खेपेला नायोंगला सुट्टी नव्हती म्हणून पोरीला घेऊन आजी आली. पहिल्यांदाच.

सहा.

"सुटलंय, काका," सोकजू म्हणाला. "डॉक्टरही म्हणाले, एवढं चालतं. केस वाढले की दिसणारही नाही. पण हे हेल्मेट आता लहान झालं. थांबायचं, की तिसरं?"

"तिसरं," पिलगू लगेच म्हणाला. बाह्यासुद्धा वर केल्या त्यानं. "अजून दीड-दोन महिने आहेत वर्षाला. दोन मिलिमीटर निघतील. कदाचित तीन. मी आजच प्लास्टर चढवतो."

"सहा म्हणजे किती?" बोसोंगवालीनं विचारलं.

त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "नखापेक्षाही कमी."

ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. हेल्मेट टेबलावर पडलेलं. "व्याहीबुवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बाजारातला नव्हता. "मी काढायची ते. रोज. संध्याकाळी नायोंग यायच्या आधी घालायची."

सोकजू भिंतीकडं तोंड करून उगाच काही तपासायला लागला.

"उकाडा होता," पिलगू म्हणाला. "जमीन..."

"उकाड्याचं मागनं. आधी मला ते बघवायचं नाही. नायोंग तान्ही होती तेव्हा मी तिला गाळ्यामागं माशाच्या खोक्यात ठेवायची. उताणी. दिवसभर. गिऱ्हाईक सोडून वळवायला कोण होतं? पोरीनं उभ्या जन्मात केस वर बांधले नाहीत. कधी बोलली नाही, पण आईला कळतं की नाही? मग तुम्ही नातीचं डोकं मोजलंत आणि ते पातेलं आलं. मला वाटलं, बोसोंगवालीनं आधी लेकीचं डोकं बसवलं आणि आता नातीचं, हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून डोक्यावर लावलंय."

पिलगू उभा होता. "आमची सगळ्यांची डोकी तशीच आहेत, विहीणबाई. माझंही बघा." आणि त्यानं खरंच वळून दाखवलं.

"दिसतंय. अडीच महिने बघतेय." तिनं नाक पुसलं. "आता ऐका. तिसरं केलंत तर ते जूनपर्यंत जाणार. कदाचित जुलै. देगूचा उन्हाळा. थंडीत तुम्ही जमीन निववलीत, उन्हाळ्यात काय आभाळ निववणार? डोकं सुटू द्या पोरीचं. मला आता कुणी काही म्हणालं तर म्हणू दे. मी ऐकून घेईन."

"पण सहा आहे."

"सहा असू दे."

पिलगूनं आयुष्यात एकही कड खरखरीत सोडलेली नाही. तो दारापर्यंत गेला, परत आला. चिमटा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला आणि पोरीकडं वळला. दाओननं चिमटा धरला आणि तोंडात घातला. तो तिच्या तोंडातून काढायला गेला, तर ती ओरडली. मोकळं डोकं, घामानं चिकटलेले चार केस, आणि कपाळावर पट्ट्याची लाल खूण. सोकजू म्हणतो, काका त्या खुणेकडं बराच वेळ बघत होते.

"लिही," पिलगू म्हणाला. "बंद. सहावर बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा विहिणीच्या दारात. हातात काही नव्हतं, तोंडात निमित्त नव्हतं. "वाटेत होतो," एवढं तरी म्हणायला हवं होतं, तेही सुचलं नाही.

"हळू," बोसोंगवाली म्हणाली. "आत्ताच झोपलीय."

पंख्याखाली चटईवर दाओन झोपली होती. डोकं उघडं. उजवीकडं, नेमक्या त्या बसक्या अंगावर. पिलगू शेजारी टेकला. हात पुढं केला, मागं घेतला. पुन्हा पुढं केला. त्याला ठाऊक होतं, दहा महिन्यांच्या पोरीला आता एका दुपारच्या झोपेनं काही होत नाही. हजार आयांना त्यानंच हे सांगितलंय. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला.

विहिणीनं लसणाची पाटी बाजूला ठेवली, सरपटत पुढं आली आणि दोन बोटांनी पोरीचं डोकं अलगद डावीकडं वळवलं.

"घ्या," ती कुजबुजली. "वळवलं. आता तरी बसा."

पिलगू बसला. पोरगी झोपेत सुस्कारली आणि पुन्हा उजवीकडं वळली.

"व्याहीबुवा," बोसोंगवाली म्हणाली, "हात मांडीवर."

त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.